आवाज का बसतो? स्वरयंत्राच्या स्नायूंविषयी वाचकांचे प्रश्न

आवाजाच्या तक्रारींविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘घसा’ हाच शब्द आहे आणि बहुतेकांनी महिनोन्महिने घशावरच उपचार केले आहेत. आवाज मात्र घशाच्या खाली, कंठमण्याच्या आत असलेल्या स्वरयंत्रात तयार होतो, आणि ते स्वरयंत्र प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आवाजावर औषध देणे मला कधीच पटलेले नाही.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत १४ वर्षे शिकवते. आठ महिन्यांपासून शनिवार उजाडेपर्यंत आवाज पार बसतो, रविवारी विश्रांती मिळाली की थोडा सुटतो. हळद-मिठाच्या गुळण्या नियमित करते. दुर्बिणीतून तपासल्यावर दोन्ही स्वरतंतूंवर गाठी असल्याचे कळले. त्या काढून टाकाव्यात का? (शिक्षिका, जि. बीड)

उत्तर : बाई, ‘गाठ’ हा शब्द ऐकून आपण घाबरला असाल, म्हणून आधी एवढे सांगतो की या गाठी कर्करोगाच्या नसतात आणि त्यांचा कर्करोग होत नाही. कुदळ मारणाऱ्याच्या तळहाताला जसे घट्टे पडतात, तसे हे स्वरतंतूंना पडलेले घट्टे आहेत.

स्वरतंतूंच्या नावात तंतू असले, तरी प्रत्यक्षात त्या दोन घड्या असतात. आत स्नायू आणि त्यावर अतिशय मऊ, ओलसर आवरण. पुरुषांत त्यांची लांबी साधारण दीड ते दोन सेंटिमीटर आणि स्त्रियांत त्याहून कमी असते. अडकित्त्याच्या दोन पात्यांसारख्या त्या पुढच्या टोकाला एकमेकींना जोडलेल्या असून मागच्या टोकाला उघडतात. श्वास घेताना उघडतात, बोलताना मिटतात. मिटवण्याचे काम स्नायू करतात, पण कंप मात्र स्नायू निर्माण करत नाहीत. फुप्फुसातून वर येणारी हवा मिटलेल्या तंतूंमधून वाट काढते आणि त्यांच्या आवरणात लहर उठवते. स्त्रियांच्या बोलण्यात ही उघडझाप सेकंदाला सुमारे २०० वेळा होते. शाळेच्या दिवसात सगळे मिळून दोन तास जरी आपला आवाज चालू राहिला, तरी दोन्ही तंतू १४ लाखांहून अधिक वेळा एकमेकांवर आपटतात. त्यातही वर्गात ४० मुलांचा गलबला, पावसाळ्यात पत्र्यावर पडणाऱ्या सरींचा आवाज आणि त्यावर आपला आवाज चढवण्याची सवय असेल, तर आपटण्याचा जोर किती वाढत असेल, हे आपणच ताडू शकाल. कंपाचा जोर सर्वाधिक असतो त्या जागी, म्हणजे तंतूच्या पुढच्या एक तृतीयांश भागाच्या शेवटी, दोन्ही बाजूंना समोरासमोर हे घट्टे उठतात.

शस्त्रक्रियेची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बोलण्याची रीत तीच राहिली, तर काढलेल्या गाठी पुन्हा येतात. वाक्‌-उपचारतज्ज्ञांकडे सहा ते आठ आठवडे आवाजाचे व्यायाम शिकल्यावर बहुतेकांच्या गाठी लहान होतात किंवा विरून जातात. व्यायामात शिकायचे असते ते असे, की मानेच्या आणि खांद्याच्या स्नायूंनी आवाज ढकलायचा नाही. बोलताना मानेच्या शिरा फुगत असतील आणि खांदे वर जात असतील, तर स्वरयंत्राभोवतीचे स्नायू नको तितके आवळले जात आहेत, असे समजावे. आरशासमोर धडा वाचून पाहिल्यास ते लगेच दिसते. भांड्यातल्या पाण्यात नळी बुडवून, तिच्यातून बुडबुडे काढत गुणगुणणे हा साधा व्यायाम तंतूंवरचा ताण फार चांगला उतरवतो.

वर्ग शांत करण्यासाठी आवाजाऐवजी घंटी किंवा टाळी वापरावी, आणि कमरेला लावायचा लहान माईक मिळाल्यास तो संकोच न करता वापरावा. आवाज बसला की लोक कुजबुजून बोलतात. जोर लावून केलेल्या कुजबुजीने तंतूंना विश्रांती मिळत नाही, ताणच पडतो. सारखे खाकरणेही टाळावे. आपल्या गुळण्यांविषयी सांगायचे तर त्यांनी घशाला आराम वाटतो, पण गुळणीचे पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचतच नाही. पोहोचले असते, तर जोराचा ठसका लागला असता. तिथवर वाफ पोहोचते. दिवसभर पाणी पीत राहिल्यानेही आवरण ओलसर राहते.

प्रश्न : माझे वय ४६. चार महिन्यांपूर्वी डाव्या बाजूची अर्धी थायरॉइड ग्रंथी काढली. शुद्धीवर आल्यापासून आवाजात नुसती हवा आहे. फोनवर समोरच्याला ऐकू जात नाही, एक वाक्य बोलले की दम संपतो आणि पाणी पिताना ठसका लागतो. ‘नस दुखावली आहे, येईल हळूहळू’ असे सांगून मला घरी पाठवले. आमच्या भजनी मंडळात मी पुढे बसून गात असे. आता वाट पाहण्याशिवाय काही करता येत नाही का? (गृहिणी, सांगली)

उत्तर : ताई, करता येण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते आपल्याला चार महिन्यांपूर्वीच सांगायला हवे होते. आवाज गेलेल्या माणसाला नुसते ‘येईल’ म्हणून घरी पाठवू नये, असे मला मनापासून वाटते.

स्वरयंत्राला हालचालीचा हुकूम देणारी नस मेंदूतून निघालेल्या मोठ्या नसेची फांदी आहे आणि तिचा मार्ग मोठा चमत्कारिक आहे. स्वरयंत्राजवळून ती सरळ खाली छातीत उतरते, डाव्या बाजूला हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा मानेत वर चढते. उजव्या बाजूला हा वळसा हाताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीभोवती, बराच वर असतो. वर चढताना ती श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधल्या खाचेतून, थायरॉइडला अगदी खेटून जाते. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलेन या वैद्याने ओरडणाऱ्या डुकराच्या मानेतील या नसा छेदून दाखवल्या, तेव्हा त्याचे ओरडणे तत्काळ थांबले होते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत ही नस ताणली जाणे, दबणे किंवा शेजारच्या उष्णतेने शेकली जाणे शक्य असते, आणि कितीही काळजी घेतली तरी हा धोका पूर्णपणे टळत नाही.

आपला डावा स्वरतंतू मधल्या रेषेपासून थोडा बाजूला निपचित पडला असावा. उजवा तंतू येतो, पण त्याला भेटायला डावा येत नाही. मध्ये फट राहते, तिच्यातून हवा निसटते आणि म्हणून एका वाक्यात दम संपतो. त्याच फटीतून पाण्याचा थेंब खाली उतरला की ठसका लागतो. पाणी लहान घोटांनी, हनुवटी छातीकडे झुकवून आणि मान डावीकडे वळवून पिऊन पाहा. दुबळ्या बाजूकडे मान वळवली की घोट चांगल्या बाजूने उतरतो. ताप, कफ किंवा जेवताना वारंवार ठसका असेल, तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवावे.

नस तुटलेली नसेल, तर तिची दुरुस्ती सहा महिने ते वर्षभर चालू राहू शकते. त्यामुळे चार महिने झाले म्हणजे आशा संपली, असे नाही. पण या काळात मुके राहण्याचे कारण नाही. पहिली पायरी दुर्बिणीची तपासणी. नाकातून बारीक लवचीक नळी घालून ती पाच मिनिटांत होते, आणि आपण ‘ई…’ म्हणताना कोणता तंतू किती हलतो, हे पडद्यावर आपल्यालाही दिसते. स्वरयंत्राच्या स्नायूंतील विद्युत्‌लहरी सुईने मोजल्यास नस पुन्हा जागी होत आहे का, याचाही अंदाज येतो. दुसरी पायरी आवाजाचे व्यायाम. फट मोठी असेल, तर निपचित तंतूत हायल्युरॉनिक आम्लासारखे द्रव्य टोचून तो फुगवतात. हे द्रव्य काही महिन्यांत विरते, तोवर नस सुधारली तर उत्तमच, आणि आवाज त्याच दिवसापासून बराच भरतो.

वर्षभरानेही तंतू हलला नाही, तर कायमचा उपाय आहे. जपानमधील क्योटोचे शल्यविशारद नोबुहिको इस्शिकी यांनी १९७४ साली मांडलेल्या या शस्त्रक्रियेत कंठमण्याच्या कूर्चेत लहानशी खिडकी कापतात आणि तिच्यातून सिलिकॉनसारखा तुकडा बसवून पडलेला तंतू कायमचा मध्याकडे सरकवतात. ही शस्त्रक्रिया बहुधा तेवढी जागा बधिर करून, रुग्णाला जागे ठेवून करतात. मानेवरचे कापड थोडे बाजूला करून मी रुग्णाला आकडे म्हणायला सांगतो. तुकडा मिलिमीटरभर आत सरकला की ‘चार’पर्यंत फुसफुसणारा आवाज ‘पाच’ला एकदम घट्ट येतो. ते ऐकताना टेबलावरच्या रुग्णाच्या डोळ्यांत पाणी आलेले मी अनेकदा पाहिले आहे.

भजनाविषयी खोटी आशा दाखवत नाही. बोलण्याचा आवाज बहुतेकांचा चांगला परत येतो. गाण्याची पट्टी थोडी आखडू शकते. स्वर चढवण्यासाठी तंतू ताणणारा स्नायू मात्र निराळा आहे आणि त्याची नसही निराळी, वरून येणारी आहे. ती शाबूत असेल, तर मंडळात पुन्हा बसण्याची तयारी अवश्य ठेवावी.

इतर वाचकांसाठी एक सूचना येथेच करतो. मानेची कोणतीही शस्त्रक्रिया झालेली नसताना आवाज असा हवेचा झाला आणि एक तंतू हलत नसल्याचे दिसले, तर छातीसह संपूर्ण नसेच्या मार्गाचा सीटी स्कॅन करणे आवश्यक असते. क्षयाने सुजलेल्या ग्रंथी, फुप्फुसाचा कर्करोग किंवा झडप अरुंद झाल्याने फुगलेला हृदयाचा डावा कप्पा, यांपैकी काहीही त्या वळशाजवळ नसेला दाबत असू शकते.

प्रश्न : मी १९ वर्षांचा असून आयटीआयला आहे. माझा आवाज अजून मुलीसारखा आहे. फोनवर सगळे ‘मॅडम’ म्हणतात. वर्गात तोंड उघडायची लाज वाटते. दाढी-मिशा व्यवस्थित आहेत. हार्मोनची इंजेक्शने घ्यावी लागतील का? (विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : दाढी-मिशा व्यवस्थित आहेत, म्हणजे तुझे हार्मोन बहुधा ठीक आहेत आणि तुझे स्वरयंत्रही मोठ्या माणसाचेच आहे. ते वापरण्याची रीत तेवढी लहानपणीची राहिली आहे.

मुलांचा आवाज फुटतो, तेव्हा स्वरयंत्र थोड्याच काळात मोठे होते, तंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. या बदलात काही मुलांचे स्नायू जुना स्वर धरून ठेवतात. स्वरयंत्र मानेत वर खेचलेले राहते आणि तंतू ताणणारा स्नायू सैल पडतच नाही, त्यामुळे लांब झालेला तंतूही पातळ ताणून बारीक आवाजात कंप पावतो. यात तुझा दोष नाही, आणि तुझ्या पौरुषाशी याचा काही संबंध नाही.

घरी एक गोष्ट करून पाहा. मोठ्याने खोक. तुझ्या वयाच्या बहुतेक मुलांचा खोकला जाड, भरदार निघतो, बोलणेच तेवढे बारीक असते. त्या खोकल्यातला आवाज हाच तुझा खरा आवाज. तपासणीच्या वेळी आम्ही कंठमण्यावर अंगठा ठेवून तो हलकेच मागे दाबतो आणि ‘आ’ म्हणायला सांगतो. ताण उतरतो आणि आवाज एकदम खाली येतो. ही कृती स्वतः करू नकोस, ती तज्ज्ञाच्या हातूनच व्हायला हवी. माझ्याकडे आलेला एक मुलगा स्वतःचा तो आवाज ऐकून दचकला आणि त्याने मागे वळून पाहिले, कोण बोलले म्हणून. त्याच्या आईने त्याला तीच ओळ पुन्हा म्हणायला लावली.

सापडलेला खालचा स्वर आधी ‘आ’मध्ये, मग शब्दांत, मग फोनवरच्या बोलण्यात स्थिर करायचा असतो. वाक्‌-उपचारतज्ज्ञांकडे काही बैठकांतच बहुतेक मुलांना तो साधतो. खरी अडचण पुढे येते. घरचे आणि मित्र नव्या आवाजावर काहीतरी बोलतात आणि मुलगा पुन्हा जुन्याकडे वळतो. म्हणून घरच्यांना आधीच विश्वासात घे. व्यायामांनी न जमलेल्या मोजक्या मुलांसाठी तंतू सैल करण्याची शस्त्रक्रियाही आहे, पण तुझ्यावर ती वेळ येईल असे वाटत नाही. इंजेक्शने मनाने मुळीच घेऊ नकोस.

प्रश्न : मी २१ वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करते. ८०० मीटर धावताना शेवटच्या फेरीत गळा आवळल्यासारखा होतो, श्वास आत घेताना घर्र असा आवाज येतो. थांबले की पाच मिनिटांत सगळे ठीक होते. दम्याचा पंप दिला आहे, पण काही फरक नाही. (लातूर)

उत्तर : तुझ्या पत्रातले ‘गळा’ आणि ‘आत घेताना’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. दम्यात छाती आवळते, शिटीसारखा आवाज श्वास बाहेर सोडताना येतो आणि त्रास बहुधा धावणे थांबल्यावर काही मिनिटांनी वाढतो. तुझ्या बाबतीत सारे उलट घडते आहे.

स्वरयंत्रात तंतू जवळ आणणारे स्नायू अनेक आहेत. दूर नेणारी जोडी मात्र एकच, मागच्या बाजूला. प्रत्येक श्वासाला तंतू उघडण्याची जबाबदारी या एका जोडीवर आहे, आणि दमछाक होते तेव्हा त्यांनी पुरते उघडावे अशी अपेक्षा असते. काही तरुण खेळाडूंत नेमक्या त्याच वेळी तंतू उघडण्याऐवजी एकमेकांकडे सरकतात. त्रास खरा असतो, घाबरटपणा नसतो. विश्रांतीत केलेली दुर्बिणीची तपासणी पूर्ण निर्दोष येऊ शकते, म्हणून शक्य असेल तेथे ती धावल्यानंतर लगेच किंवा व्यायाम चालू असतानाच करावी लागते.

यावर उपाय श्वासाच्या सरावाचा आहे. गळा आवळू लागताच नाकाने वास घेतल्यासारखा झटक्याचा श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा; अशा श्वासाने तंतू उघडतात. हे आधी बसून, मग चालताना, मग धावताना जमवायचे असते. दमा आणि हा विकार एकत्रही असू शकतात, म्हणून फुप्फुसांची चाचणी होईपर्यंत पंप स्वतःहून बंद करू नकोस.

प्रश्न : बँकेत काउंटरवर असते. तीन वर्षांपासून बोलताना आवाज मध्येच गळा दाबल्यासारखा तुटतो. हसताना, गुणगुणताना तो ठीक असतो. म्हणून सगळे याला मानसिक म्हणतात. (वय ४१, पुणे)

उत्तर : हसताना ठीक आणि बोलताना तुटलेला, हीच या विकाराची ओळख आहे, आणि त्याच खुणेमुळे रुग्णांना वर्षानुवर्षे मानसिक ठरवले जाते, याचे वाईट वाटते. लिहायला बसल्यावरच काहींची बोटे आखडतात, तसा हा मेंदूकडून येणाऱ्या हुकमांचा दोष आहे. तंतू मिटवणारे स्नायू बोलताना अवेळी आखडतात. मध्यम वयात, आणि स्त्रियांत अधिक प्रमाणात, तो दिसतो. १९८४ पासून त्यावर बोटुलिनम या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचे अतिशय सूक्ष्म इंजेक्शन त्या स्नायूत देतात. पहिला आठवडा-दोन आठवडे आवाज हवेचा होतो आणि पाण्याचा ठसका लागतो, त्यानंतर साधारण तीन महिने बोलणे सुरळीत राहते. मग ते पुन्हा घ्यावे लागते. आवाजाचे विशेष उपचार करणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : वडिलांचे वय ६१, शेती करतात, ४० वर्षे बिडी ओढतात. दोन महिन्यांपासून आवाज घोगरा आहे. दुखत काहीच नाही. ज्येष्ठमध आणि मध चालू आहे. आणखी किती दिवस पाहावे? (जि. सोलापूर)

उत्तर : एकही दिवस नाही. बिडी ओढणाऱ्या माणसाचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक घोगरा राहिला, तर दुर्बिणीतून स्वरतंतू पाहणे टाळता येत नाही. दुखत नाही, याने निश्चिंत होऊ नये. तंतूंचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही.

तो तिथेच सुरू झाला असेल, तर एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. तंतूवर तिळाएवढी वाढ झाली तरी आवाज बदलतो, त्यामुळे तो लवकर ओळखू येतो, आणि तंतूंत लसिकावाहिन्या, म्हणजे ज्यांतून कर्करोग पसरतो त्या सूक्ष्म नलिका, फार थोड्या असल्यामुळे इतर ठिकाणी लवकर पसरत नाही. तंतू नीट हलत असताना, वाढ वरच्या थरात असताना पकडला, तर किरणोपचाराने किंवा लेसरने दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत तो आटोक्यात येतो आणि आवाजही टिकतो. तीच वाढ आत स्नायूत शिरून तंतूला जखडते, तेव्हा रोग तिसऱ्या टप्प्यात पोहोचलेला असतो आणि उपचार फार जड होतात. तंतू हलतो आहे की जखडला आहे, हे मला आपल्या पत्रातून कळू शकत नाही. तपासणीत साधी सूजही निघेल. बिडीने तीही येते. पत्र मिळाले त्याच दिवशी मी आपल्याला फोनवर कळवले आहे, तरी येथे पुन्हा लिहितो : वडिलांना या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या, आणि श्वास घेताना आवाज येऊ लागला किंवा दम लागला, तर वेळ न पाहता त्याच रात्री रुग्णालयात घेऊन जा.